'ड' तुकडीची पोरं



हुशारांची 'अ' तुकडी, उरलेल्यांची 'ड', हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. इंग्लंडात १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षीच परीक्षा घेऊन मुलं वेगळी काढत. मागे राहिलेल्यांपैकी बहुतेकांची शाळा पंधराव्या वर्षी सुटे. १९६५ साली तिथल्या सरकारनेच ही पद्धत मोडा म्हणून सांगितले. तरी केंटमध्ये ती अजून आहे.

माझा थोरला 'ड' मधला. 'आपण ढच' हे त्याच्या मनाने धरलं आणि नववीत दप्तर टाकलं. आज तोच गावच्या मोटारी खोलून दुरुस्त करतो. मग ढ कसा?

उगवण विरळ झाली म्हणून आपण फड मोडत नाही, नांग्या भरतो. पालक सभेत एवढंच विचारा: चांगले मास्तर 'ड' ला का नाहीत?