विजेत्याची प्रशस्ती आणि कखडीचे शेत



लकडगंजातील माझ्या कचेरीत परवा एक तरुण आला. कोणत्याशा सभेत त्याने ऐकले होते की, गौतमीपुत्र सातकर्णी हा आपला राजा. त्याने परकी शकांना हाकलले आणि भिक्खूंना जमिनी दिल्या. "हे खरे ना, वकीलसाहेब?" मी म्हणालो, आधी दस्त वाचू.

हे दस्त नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत कोरलेले आहेत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप ही घराणी महाराष्ट्रासाठी झुंजली. घाटवाटा आणि बंदरे ज्याच्या ताब्यात, त्याला व्यापाराची जकात. भांडण मुख्यतः हेच. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीस नहपान क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा वरून मारलेला आहे. चांदी तीच, धनी बदलला!

हरलेल्या पक्षाचा उषवदात, म्हणजे नहपानाचा जावई, शक होता. त्याने ब्राह्मणांना तीन लक्ष गाई दिल्या आणि भिक्खूंसाठी लेणेही कोरविले. विणकरांच्या दोन श्रेणींकडे त्याने ३,००० कार्षापण ठेविले: २,००० दरमहा शेकडा एक, १,००० शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. मुद्दल परत मागावयाचे नाही. ठेवीचे याहून चोख कलम मी क्वचितच वाचले आहे. परकी तो हाच काय?

आता विजेत्याची प्रशस्ती. ती त्याची माता बलश्री हिने, नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी, भिक्खूंना लेणे देताना कोरविली. तीत तो शक, यवन, पल्हवांचा संहारक आहे, क्षत्रियांचा दर्प मोडणारा आहे, अद्वितीय ब्राह्मण आहे; आणि चार वर्णांचा संकर थांबविणाराही आहे! द्विजांबरोबर खालच्यांचीही कुटुंबे त्याने भरभराटीस आणली, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे कनिष्ठाने पोटभर खावे, परंतु आपल्या पायरीवर बसून. भिक्खूंच्या लेण्यात, भिक्खूंच्याच दानपत्रावर, चातुर्वर्ण्याची ही फुशारकी! दान घेतले म्हणून आपण तीही मान्य करावयाची की काय?

राज्यवर्ष १८ मध्ये गौतमीपुत्राने विजयी छावणीतून आज्ञा धाडली: पश्चिम कखडी गावातील, तोवर उषवदाताच्या भोगवट्यातील २०० निवर्तने शेत भिक्खूंना द्यावे. तेथे राजपुरुषांनी शिरू नये, मीठ खणू नये, जिल्ह्याच्या अंमलदाराने हात घालू नये. सवलती उत्तम, पण सहा वर्षांनी, २४व्या वर्षी, त्याच राजाला राजमातेसह दुसरी आज्ञा काढावी लागली. ते शेत कोणी कसत नाही आणि त्या गावात कोणी राहत नाही, असे तीत स्वच्छ लिहिले आहे. भिक्खूंना नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून १०० निवर्तने मिळाली. कखडी सोडून गेलेल्या कुळांना काय मिळाले, याविषयी दोन्ही आज्ञांत एक अक्षर नाही.