काळी कपार, लाल कपार
लेकाकडे अमेरिकेला जाऊन आलेले डोंबिवलीकर ओळखायची खूण म्हणजे मोबाइलमधला अँटिलोप कॅनियनचा फोटो. आमच्या काकूंनी तो मला लिफ्टमध्ये दाखवला, दोनदा. ॲरिझोनातली ती लाल वालुकाश्माची कपार देखणी आहे, वादच नाही. पण काकू, कसारा लोकल पकडा आणि पुढे साम्रद गाठा. रतनगडाशेजारची सांदण दरी आपल्या काळ्या बेसॉल्टची, पाणी कधी गुडघ्याला, कधी कमरेला. तिकडचा एक नियम मात्र उचलावाच: नवाहो वाटाड्याशिवाय आत प्रवेश नाही. १९९७च्या ऑगस्टमध्ये दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा तिथं घुसला आणि ११ पर्यटक गेले. आपल्याकडचे काही हौशी वीर ऐन पावसाळ्यात सांदणला निघतात, वर साम्रदच्या वाटाड्याला पैसे देताना कुरकुरतात. त्यांना कसाऱ्यालाच परतीच्या लोकलमध्ये बसवावं.