चळवळीचे लेखन आणि वाचकाची घडण

१

परिवर्तनवादी साहित्याची चर्चा आपल्याकडे आजवर प्रामुख्याने लेखकाच्या बाजूने झाली आहे. लेखकाची बांधिलकी, त्याच्या अनुभवाची अस्सलता, त्याच्या भाषेतील नकार आणि विद्रोह यांवर प्रबंध सिद्ध झाले, चर्चासत्रे झाली. परंतु हे लेखन ज्याला उद्देशून केले जाते तो वाचक कोठून येतो, तो कसा टिकतो आणि प्रसंगी का दुरावतो, या प्रश्नाकडे मात्र वितरणाचा किंवा व्यवहाराचा प्रश्न म्हणून पाहिले गेले. संपादकाने वर्गणीदार मिळवावेत आणि समीक्षकाने आशय तपासावा, अशी जणू कामाची वाटणीच झालेली आहे. प्रस्तुत लेखकाला ही वाटणी मान्य नाही. चळवळीच्या लेखनात वाचकाची घडण हा निर्मितीचाच एक भाग असतो आणि म्हणून तो वाङ्मयाच्या अभ्यासकाचाही विषय ठरतो.

हा प्रश्न आजच उपस्थित करण्याला कारण आहे. धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील महाविद्यालयांत शिकविताना असे दिसते की, भूम, परंडा, कळंब, वाशी या भागांतून येणारी मुले-मुली पुष्कळ लिहितात. पीकविमा, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर, पाणीटंचाई, गावातील जातीचे व्यवहार हे त्यांचे विषय आहेत. हे लेखन नियतकालिकांकडे फारसे येत नाही. ते मोबाइलवर लिहिले जाते आणि समाजमाध्यमांवर प्रसिद्ध होते. चार-सहा महिन्यांनी त्यातील बहुतेकांचे लेखन दोहोंपैकी एका वाटेने जाते. एक तर ‘कोणी वाचतच नाही’ म्हणून ते थांबते, नाही तर वाचले जावे म्हणून त्याचा आवाज चढत जातो आणि विचार क्षीण होतो. हे दोन्ही प्रकार म्हणजे एका प्रामाणिक उर्मीचा अपव्यय होय. ‘कोणी वाचत नाही’ ही तक्रार मात्र नवी नाही. मराठीतील चळवळीच्या लेखनाइतकीच ती जुनी आहे आणि तिला दिली गेलेली उत्तरेही आपल्याच परंपरेत आहेत.

२

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्याचा उल्लेख सहसा तत्कालीन सामाजिक मनोवृत्तीचा पुरावा म्हणून केला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात आणखी एक अर्थ दडलेला आहे. प्रस्थापित पत्राचा वाचक नव्या पत्राला उसना मिळत नाही. ज्याच्यासाठी लिहायचे त्याच्यापैकी बहुसंख्य निरक्षर, वर्गणी देण्याची ऐपत अत्यल्प आणि टपाल पोचण्याचीही खात्री नाही, अशा स्थितीत वाचक शून्यातून उभा करावा लागतो. ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडले. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले आणि त्यातील बहुतेक मजकूर संपादकाला एकहाती लिहावा लागला. ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ या १९२८ मधील लेखाचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. पत्र चालविण्याचे कर्ज हे संपादकाचे खासगी कर्ज नसून ते ज्या समाजासाठी चालते त्याचे आहे, ही जाणीव वाचकाला करून देणे हाही संपादनाचाच भाग आहे, असे त्यातून सूचित होते. १९२९ मध्ये तेही पत्र बंद पडले. २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ सुरू झाले आणि मग मात्र ते पाव शतक चालले. १९५६ मध्ये त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. पहिली दोन पत्रे अल्पजीवी ठरली म्हणून ती अयशस्वी म्हणावयाची काय? तसे म्हणता येणार नाही. ‘जनता’ला जो वाचक लाभला, त्याच्या घडणीस ‘मूकनायक’पासून आरंभ झाला होता.

सत्यशोधकी पत्रकारितेचा अनुभवही याच प्रकारचा आहे. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधू’ सुरू केले. ते पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत नेऊन वाढविले. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ साप्ताहिक हाती घेतले आणि नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून ते अर्धशतकाहून अधिक काळ, १९६७ मध्ये झालेल्या आपल्या निधनापर्यंत, चालविले. शहर, विद्यापीठ, रेल्वेचे मोठे स्थानक यांपैकी काहीही जवळ नसताना एखादे राजकीय-सामाजिक साप्ताहिक इतकी वर्षे टिकते, याचे श्रेय केवळ संपादकाच्या त्यागाला देऊन चालणार नाही. शेतकऱ्याला ओळखीची वाटेल अशी भाषा, त्याच्या रोजच्या व्यवहारातील सावकार, कुलकर्णी, भिक्षुक यांची थेट चिकित्सा आणि दर आठवड्याला अंक येणारच हा भरवसा, या तिहींतून तो वाचक घडला. पारावर वा चावडीत एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, ही त्या काळातील वाचनाची रीत लक्षात घेतली, तर वर्गणीदारांची यादी म्हणजे वाचकवर्ग हे समीकरण किती अपुरे आहे, हेही ध्यानात येते.

३

मराठवाड्यात ही घडण अधिक कठीण होती. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, मुद्रणावर आणि सभांवर निर्बंध होते. मराठी वाचणारा माणूस तयार करणे हेच येथे राजकीय कृत्य ठरत होते. आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे असहकाराच्या काळात राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेलेले व्यंकटेश खेडगीकर तेथे शिक्षक होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या शाळेचा उल्लेख कार्यकर्त्यांची शाळा म्हणून येतो. तिला वाचकांची शाळाही म्हणावयास हवे. कारण पत्रक वाचणारा, ते दुसऱ्याला समजावून सांगणारा आणि जपून पुढे पोचविणारा माणूस अशाच ठिकाणी तयार होत असतो.

आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केले ते पुण्याहून. संस्थानात राहून असे पत्र काढणे शक्यच नव्हते. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली की नाव बदलून पत्र पुन्हा काढावयाचे, असा क्रम पुढे अनेक वेळा चालला. येथे क्षणभर थांबून विचार करावयास हवा. पत्राचे नाव बदलले तरी वाचकाला ते आपलेच आहे हे ओळखता येत होते, याचा अर्थ काय? त्याची ओळख शीर्षकाशी नव्हती. ती त्या लेखनाच्या भूमिकेशी आणि ते हाती आणून देणाऱ्या माणसाशी होती.

आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. या परिषदेकडेही वाचकाच्या घडणीच्या दृष्टीने पाहता येते. भाषण आणि पत्र ही चळवळीतील दोन वेगळी माध्यमे नव्हेत. सभेतून परतलेला श्रोता पुढचा अंक मागवितो आणि अंक वाचलेला माणूस पुढच्या सभेला चौघांना घेऊन येतो. लिहिलेला आणि बोललेला शब्द असे एकमेकांना पोसत असतात. ज्या लेखनामागे असे प्रत्यक्ष भेटीचे बळ नसते, त्याला आलेला बहर फार काळ टिकत नाही.

४

येथवरच्या विवेचनावरून वाचक घडला की सारे साधले, असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर करणे आवश्यक आहे, कारण या विषयातील खरी अडचण पुढेच आहे.

हैदराबाद मुक्त झाल्यानंतर ‘मराठवाडा’ औरंगाबादेस आले आणि अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली या प्रदेशाचे मुखपत्रच बनले. मुक्तिसंग्रामात तुरुंगवास भोगलेल्या या संपादकाने पुढे आणीबाणीतही तुरुंगवास पत्करला. प्रदेशाच्या उपेक्षेची जाणीव वाचकांत रुजविण्याचे त्यांचे कार्य मोठे आहे, याबद्दल दुमत होऊ नये. परंतु २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि दलित वस्त्या पेटविल्या गेल्या, त्या काळात या पत्राची भूमिका नामांतराच्या विरोधात होती. मराठवाड्याच्या अस्मितेच्या नावाने चाळीस वर्षे घडविलेला वाचक आणि त्या अस्मितेत आपल्याला स्थान आहे की नाही असे विचारणारा समाज, हे त्या वेळी समोरासमोर उभे राहिले. संपादकाने वाचकाला घडविले, की वाचकवर्गाने संपादकाला बांधून घेतले, याचे उत्तर सोपे नाही. प्रस्तुत लेखकाला मात्र असे वाटते की, आपल्या वाचकाला न रुचणारे सांगण्याची वेळ आली असता ते न सांगणे, ही चळवळीच्या लेखनाची सर्वांत मोठी हार असते. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधली सोळा वर्षे या प्रदेशाने मोजलेली किंमत जुन्या पिढीला ठाऊक आहे.

त्याच औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी १९६८ पासून ‘अस्मितादर्श’ त्रैमासिक अर्धशतकभर चालविले. खेड्यापाड्यांतील, ज्याचे एक अक्षरही पूर्वी छापून आलेले नाही अशा तरुणाचे लेखन त्यांनी स्वीकारले. एवढ्यावरच न थांबता लेखक आणि वाचक यांचे मेळावे भरविण्याची प्रथा पाडली. या मेळाव्यांत वाचक लेखकाला जाब विचारू शकत होता आणि आजचा वाचक उद्याचा लेखक होत होता. दलित साहित्याच्या अंतर्गत वादांना, आंबेडकरवाद आणि मार्क्सवाद यांच्या चर्चेला त्या वर्तुळात जागा होती. वाचकाला अनुयायी न मानता वादातील सहभागी मानणे, हे या प्रयत्नाचे वेगळेपण होय. वाचक घडविणे आणि वाचक बांधून घेणे यांतील सीमारेषा येथेच आहे.

५

आता आजच्या माध्यमाकडे वळू. आंतरजालाने मुद्रण, कागद आणि टपाल यांचा खर्च जवळजवळ नाहीसा केला. ‘साधना’ साप्ताहिकाने २०१९ मध्ये ‘कर्तव्य साधना’ हे डिजिटल व्यासपीठ उभे केले. १९९० मध्ये नागपुरात दि. य. देशपांडे यांनी सुरू केलेला ‘आजचा सुधारक’ छापील रूप सोडून आंतरजालावर गेला. पी. साईनाथ यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘पारी’ने ग्रामीण भारताचे वृत्तान्त मराठीतही उपलब्ध केले आणि त्यांत आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांची आणि मजुरांची कथनेही आहेत. ही उदाहरणे आश्वासक आहेत, कारण यांतील कोणीही एका रात्रीत वाचक मिळविलेला नाही. जुन्या नियतकालिकांची शिस्त त्यांनी नव्या माध्यमात नेली.

आमच्या विद्यार्थ्यांपुढील अडचण वेगळी आहे. त्यांना वाचकाऐवजी आकडा दिसतो. किती जणांनी पाहिले हे तत्काळ कळते. पण कोणी वाचले, कोणाला पटले नाही, कोणी ते आईला वाचून दाखविले, हे कळत नाही. आकडा संतापाने लवकर वाढतो, म्हणून लेखन संतापाकडे झुकते. यावर असा आक्षेप घेतला जाईल की, अन्याय थांबत नाही, मग लेखकानेच सबुरी का धरावी? आक्षेप रास्त आहे. विम्याची मुदत संपत आली असता संथ निबंध उपयोगाचा नाही. तेथे त्याच दिवशीची हाकच हवी. परंतु त्या दिवशी हाकेला ओ देणारी माणसे आधीच्या दोन-तीन वर्षांत तयार झालेली असावी लागतात. सबुरी असावयाची ती अन्यायाबाबत नव्हे, वाचकाबाबत.

व्यवहारात याचा अर्थ इतकाच की, रोज लिहिण्यापेक्षा ठरल्या वारी लिहावे आणि तो वार चुकवू नये. सगळ्या जगाविषयी लिहिण्यापेक्षा आपल्या मंडळातील पाऊस, आपल्या बाजार समितीतील भाव, आपल्या वसतिगृहातील पाणी यांपासून सुरुवात करावी. आलेल्या प्रत्येक गंभीर प्रतिवादाला उत्तर द्यावे. महिन्यातून एकदा दहा वाचकांना प्रत्यक्ष भेटावे. आणि चूक झाली तर जेथे ती केली तेथेच ती मान्य करावी. तरवडीच्या संपादकाला यातील एकही गोष्ट अपरिचित वाटली नसती.

६

अखेरीस आपल्या विभागांविषयी. नियतकालिकांचा अभ्यास आपण करतो तो अनुक्रमणिकांचा आणि संपादकीय भूमिकांचा. वाचकांची पत्रे, वर्गणीच्या वह्या, मेळाव्यांचे वृत्तान्त यांना आपण साधनसामग्री मानत नाही. तालुक्यांच्या सार्वजनिक ग्रंथालयांत जुने अंक आजही धूळ खात आहेत. ते मुक्तपणे वाचणारी आणि वाचून दाखविणारी पिढी आता फार थोड्या वर्षांची सोबती आहे. एम.ए.च्या विद्यार्थ्याने आपल्या गावातील अशा एका वृद्ध वाचकाची मुलाखत घ्यावी. कोणता अंक, कोणाकडून, कोठे बसून आणि कोणाबरोबर वाचला, एवढेच विचारावे. त्यातून मराठी वाचनाचा एक अलिखित इतिहास हाती येईल. आणि मोबाइलवर लिहिणाऱ्या त्या विद्यार्थ्यालाही कळेल की, आपल्यापूर्वीही कोणी तरी दहा-वीस वाचकांसाठी वर्षानुवर्षे लिहीत होते, आणि ते वाचक आजही आपल्या गावात आहेत.