चांदवडीच्या पोरांना काम काय?

मंडळी, आमच्या साताऱ्याकडच्या मालिकांबद्दल लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. हा विषय काढला की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, "वा, आपली भाषा टीव्हीवर आली!" दुसरे नाक मुरडतात, "काय ती अशुद्ध भाषा! मुलं बिघडतील."

या दुसऱ्यांना आधी निकालात काढतो. मी ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. घरात रांगडं बोलणारी पोरं माझ्या वर्गात व्याकरणात पैकीच्या पैकी मार्क घ्यायची. बोली अशुद्ध नसते, ऐकणाऱ्याचा कान अरुंद असतो. 'लागिरं झालं जी' ही तेजपाल वाघ यांनी लिहिलेली मालिका मे २०१७ ते जून २०१९ अशी दोन वर्षं चालली. तिच्यात जीजी झालेल्या कराडच्या कमल ठोके तर स्वतः शिक्षिका होत्या. त्यांच्या तोंडची भाषा ऐकून कुणी बिघडलं असेल तर मला दाखवा. (नोव्हेंबर २०२० मध्ये त्या गेल्या तेव्हा घरातलंच कुणी गेल्यासारखं वाटलं. असो.)

माझं भांडण आहे ते पहिल्यांशी. भाषा आली हो, पण गाव आलं का?

चांदवडीच्या अज्याला फौजी व्हायचं असतं. निवड अगदी बरोबर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. तेव्हा हे वेड आमच्या मातीतलंच आहे. पण अज्या भरती होतो, आणि मालिका त्याच्या वर्दीमागून निघून जाते. जे भरती होत नाहीत त्यांचं काय? पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर पळणारी पोरं आमच्याकडे गावोगाव दिसतात. साडेपाच मिनिटांच्या आत आला तो पहिल्या गटात. त्यानंतर पुलअप्स, नऊ फुटांची खंदकउडी आणि मेडिकल. शिवाय लेखी. शंभर पोरं पळतात तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी लागतात. उरलेली मालिकेत कशासाठी असतात? नायकाचे मित्र म्हणून, आणि आपल्याला हसवण्यासाठी!

आणि काम? सकाळी उठून ही मंडळी करतात काय? पारावर बसतात, मोटरसायकली उडवतात, एकमेकांची प्रेमं जुळवतात. अहो, खानापूर-आटपाडीकडचा पोरगा मिसरूड फुटायच्या आत गलाईला जातो. सोनं-चांदी गाळायची भट्टी, ॲसिडचा वास, आणि केरळपासून बंगालपर्यंत कुठल्या तरी सराफ बाजाराच्या बोळातली खोली. नववीच्या हजेरीपटावरची नावं दिवाळीनंतर एकेक करून गळायची, ते मी स्वतः लाल शाईनं लिहिलं आहे. तासगावकडचा पोरगा दावण्या येईल म्हणून पहाटे द्राक्षबागेत औषध फवारत असतो. त्याच्या घरी दोन-तीन एकर बाग असते, वय पस्तीस होतं, आणि मुलगी बघायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "नोकरी आहे का?" यात नाट्य नाही म्हणता? सासू-सुनांच्या हजार भागांना पुरून उरेल एवढं आहे.

कुणी म्हणेल, "सर, मनोरंजन आहे ते. दिवसभर दमलेल्या माणसाला कशाला रडवता?"

मान्य. मग जपानचं उदाहरण घ्या. 'अमाचान' नावाची मालिका तिथल्या सार्वजनिक वाहिनीवर २०१३ साली एप्रिल ते सप्टेंबर लागली. रोज सकाळी पंधरा मिनिटं, एकूण १५६ भाग, आणि गोष्ट संपली की मालिका संपली! (हेही आमच्याकडे शिकण्यासारखं.) माझ्या नातीनं ती मला इंग्रजी अक्षरांसकट दाखवली. टोकियोतली एक मुलगी ईशान्येकडच्या आजोळी जाते, समुद्रात बुड्या मारून साळू काढणाऱ्या बायकांत रमते. धमाल विनोदी मालिका आहे. पण गावातली पोरं बाहेर पडतायत, रेल्वे तोट्यात आहे, गाव जगवायचं कसं, हा त्या विनोदाचाच विषय. आणि मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी जवळ आली तेव्हा लेखकानं गोष्ट वळवून नेली नाही. ती आपत्ती कथेत घेतली, नंतरचं सावरणंही घेतलं. हसवणं काही थांबलं नाही.

आणि जपानपर्यंत तरी कशाला जायला हवं? माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर आमचेच. १९५५ साली त्यांची 'बनगरवाडी' आली. तिच्यातही एक तरुणच आहे, मेंढपाळांच्या वस्तीवर आलेला पोरसवदा मास्तर. त्यातली माणसं काहीतरी करत असतात. मेंढरं राखतात, तालीम बांधतात, दुष्काळ पडला की वाडी सोडून जातात. २०१८-१९ ला माणदेशात पुन्हा दुष्काळ होता, जनावरं चारा छावणीत बांधलेली होती. नेमकी तेव्हा ही मालिका चालू होती. मी पाहिलेल्या भागांत तरी चांदवडीच्या हिरवाईवर कधी ओरखडा आला नाही.

मालिका संपली २०१९ ला, पण गोष्ट खरी तिथून पुढची आहे. करोनामुळे दोन वर्षं सैन्याची भरतीच झाली नाही. पळणारी पोरं पळत राहिली आणि वयं उलटून गेली. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. त्या वर्षापुरती वयाची अट २३ केली, तरी कितीतरी जण बाहेर पडले. माझा एक विद्यार्थी त्यातलाच. छाती, उंची, पळणं, सगळं बसत होतं. अकॅडमीची फी बापानं म्हैस विकून भरलेली. आता पुण्यात टेम्पो चालवतो. सोळाशे मीटरची वेळ विचारली तर अजून सेकंदासकट सांगतो.

जे लागले ते अग्निवीर झाले, चार वर्षांसाठी. त्यातले फार तर २५ टक्के पुढे कायम होणार. पहिल्या तुकड्या जानेवारी २०२३ च्या सुमारास प्रशिक्षणाला गेल्या, म्हणजे त्यांची चार वर्षं भरतात २०२७ च्या तोंडावर. बाकीचे पंचाहत्तर, ऐन पंचविशीच्या आतबाहेरचे, बॅग घेऊन कुठल्या कुठल्या चांदवडीच्या स्टँडवर उतरणार. शेत भावानं कसायला घेतलेलं असणार, शीतलीचे वडील विचारणार, "आता काय करता पाव्हणं?"

वाघसाहेब, पहिला भाग इथून सुरू करा. मी रोज बघेन.