रिमोटचं शटर चोरानंही रिमोटनंच उघडलं तर? खराडीकरांनी हे वाचायलाच हवं

पेपरातली घरफोडीची बातमी आठवून बघा. 'शटर उचकटून', 'कुलूप तोडून', 'कडी-कोयंडा तोडून'. चोरीच्या बातमीत काहीतरी तुटलेलं असतंच. सकाळी दुकान उघडायला आलेल्या मालकाला शटर वाकलेलं दिसतं, पोलीस येतात, पंचनामा होतो, फोटो निघतात.

आता समजा शटर जागच्या जागी आहे. त्यावर एक ओरखडा नाही. कुलूप तुटलेलं नाही, कारण कुलूप लावलेलंच नव्हतं, शटर रिमोटवर चालतं. मोटरही ठणठणीत आहे. फक्त आतला माल गायब आहे.

अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. चोर आत आला कसा? आणि चोरी झाली हे विमा कंपनीला पटवून द्यायचं कसं? पहिल्या प्रश्नावर लोक थोडंफार बोलतात. दुसरा प्रश्न आठवतो तो नुकसान झाल्यावर. आज दोन्ही समजून घेऊ.

खराडीचाच विषय का?

अमेरिकन सिनेमात गाडी घराजवळ आली की गॅरेजचं दार आपोआप वर जातं. खराडीत तसं गॅरेज क्वचितच दिसेल, पण रिमोटवर चालणारी दारं भरपूर आहेत. ती साधारण तीन ठिकाणी असतात. एक म्हणजे टॉवरखालच्या दुकानांची आणि शोरूमची मोटरवाली शटर. दुसरं, रो-हाऊस आणि बंगल्यांचं सरकणारं गेट. आणि तिसरं, सोसायटीच्या दारातला बूम बॅरिअर, जो गाडीच्या काचेवरचा स्टिकर वाचून वर जातो.

१९९७ साली पुणे महापालिकेत आलेलं खराडी गाव आज इऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरमुळे ओळखलं जातं. वस्ती एवढी वाढली की आधी चंदननगर पोलिसांच्या हद्दीत असलेल्या खराडीला २०२४ मध्ये स्वतंत्र पोलीस ठाणं मंजूर झालं. त्या वर्षी पुणे शहरासाठी अशी सात नवी ठाणी मंजूर झाली होती.

आयटी पार्क म्हटलं की भाडेकरू आलेच. अकरा महिन्यांचा करार, नोकरी बदलली की घर बदललं. ड्रायव्हर, स्वयंपाकाच्या मावशी, दुकानातला पोऱ्या, सगळे येत-जात राहतात. यातल्या बऱ्याच जणांच्या हातात कधी ना कधी रिमोट गेलेला असतो. भाडेकराराच्या यादीत पंखे किती, ट्यूबलाइट किती, गिझर आहे का, हे सगळं लिहिलेलं असतं. रिमोट किती दिले हे बहुतेक वेळा कुणी लिहीत नाही.

रिमोट दाबल्यावर नेमकं काय होतं?

रिमोटमध्ये एक छोटा रेडिओ असतो. बटण दाबलं की तो हवेत एक आकडा सोडतो. मोटरजवळच्या रिसीव्हरला तो आकडा ओळखीचा वाटला की दार उघडतं. बटण कुणाच्या अंगठ्यानं दाबलं याच्याशी मोटरला काही देणंघेणं नसतं.

यंत्र माणसाला ओळखत नाही, इशाऱ्याला ओळखतं, हे पुणेकरांनी एकदा महागात अनुभवलंय. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला तेव्हा चोरांनी एकही तिजोरी फोडली नाही. क्लोन केलेली कार्डं जगभरातल्या एटीएममध्ये सरकवली गेली आणि बनावट यंत्रणेनं त्या व्यवहारांना 'मंजूर' असं उत्तर दिलं. बँकेचे ९४ कोटींहून जास्त रुपये गेले. रिमोटच्या दाराचा आकडा कितीतरी लहान असेल, पण दुखणं त्याच जातीचं आहे.

आता रिमोट दोन प्रकारचे असतात.

फिक्स कोड : हा रिमोट प्रत्येक वेळी तोच आकडा सोडतो. जुन्या रिमोटचं झाकण उघडलं की आत बारीक स्विचची एक रांग दिसते, ती खाली-वर करून आकडा ठरवायचा. नव्या स्वस्त रिमोटमध्ये स्विच नसतात, आकडा चिपमध्येच असतो. एकदा हा आकडा दुसऱ्या रिमोटनं ऐकला की झाली नक्कल. काही शे रुपयांचे 'कॉपी रिमोट' ऑनलाइन सहज मिळतात.

रोलिंग कोड : याला ओटीपीसारखं समजा. दर वेळी बटण दाबलं की नवा आकडा जातो आणि वापरलेला आकडा रिसीव्हर पुन्हा घेत नाही. त्यामुळे जुना इशारा रेकॉर्ड करून वाजवला तर दार हलत नाही.

इथे एक मोठी फसगत होते. दुकानदार सांगतो, "साहेब, लर्निंग कोडचा आहे, एकदम सेफ." ऐकायला रोलिंगसारखंच वाटतं. पण बाजारात 'लर्निंग कोड' म्हणून विकले जाणारे बरेच रिमोट फिक्स कोडचेच असतात. लर्निंग म्हणजे रिसीव्हर नवीन रिमोट 'शिकून' घेतो एवढंच. त्यात दहा लाख वेगवेगळे आकडे शक्य असले तरी तुमच्या रिमोटचा आकडा रोज एकच राहतो. चोराला तो ओळखायची गरज नाही, एकदा ऐकला की पुरे.

खेळण्यानं उघडलं दार

२०१५ मध्ये सॅमी कामकार या अमेरिकन संशोधकानं मॅटेल कंपनीचं मुलांचं एक जुनं मेसेज पाठवायचं खेळणं घेतलं आणि त्यात थोडे बदल केले. त्याच्या हिशोबानं फिक्स कोडच्या रिमोटचे सगळे शक्य आकडे एकामागून एक सोडायला साधारण २९ मिनिटं लागत होती. त्यानं आकड्यांची मांडणी गणित वापरून अशी केली की तेच काम दहा सेकंदांच्या आत होऊ लागलं. बारा स्विच म्हणजे फक्त ४,०९६ आकडे. माणसाला ते खूप वाटतात, यंत्राला अजिबात नाही.

मग रोलिंग कोड पूर्ण सुरक्षित आहे का? तसंही नाही. त्याच वर्षी कामकारनं लास वेगासच्या डेफ कॉन परिषदेत आणखी एक यंत्र दाखवलं. ते तुमचा इशारा रिसीव्हरपर्यंत पोचू देत नाही आणि स्वतःकडे साठवून ठेवतं. खर्च ३२ डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण दोन हजार रुपये. त्याआधी २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी 'कीलॉक' ही जगभर वापरली जाणारी रोलिंग कोडची पद्धत भेदून दाखवली होती.

तरीही रोलिंग कोडच घ्यावा. त्याला चकवायला तयारी लागते, जवळ थांबून वाट बघावी लागते. फिक्स कोडला यातलं काहीच फारसं लागत नाही.

ॲपवर घेतलं तर प्रश्न मिटला?

ॲपचा फायदा खरा आहे. दार कधी उघडलं, कुणी उघडलं याची नोंद राहते. पण मग तुमच्या दाराची सुरक्षा त्या कंपनीच्या हातात जाते.

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, म्हणजे सीसानं, नेक्स कंपनीच्या गॅरेज कंट्रोलरबद्दल इशारा दिला. त्या उपकरणांमध्ये एक सामाईक पासवर्ड होता. सॅम सबेतान या संशोधकानं दाखवून दिलं की दूर बसून दुसऱ्याचं गॅरेज उघडता येतं. सुमारे ४० हजार उपकरणं यात सापडल्याचा अंदाज होता.

आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना विक्रीआधी सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली. पाऊल चांगलंच आहे. पण तो नियम कॅमेऱ्यांचा आहे. दारावर नजर ठेवणारं यंत्र तपासून येतं आणि दार उघडणारं यंत्र त्या नियमात नाही, असा हा प्रकार आहे. त्यामुळे दाराच्या बाबतीत चौकशी तुम्हालाच करावी लागणार.

पण चोर खरंच एवढा हुशार असतो का?

बहुतेकदा त्याला हुशार असायची गरजच पडत नाही. रिमोट गाडीच्या सन-व्हायजरला अडकवलेला असतो. गाडीची काच फोडली की रिमोट मिळाला, आणि डॅशबोर्डमध्ये आरसीची झेरॉक्स असेल तर पत्ताही मिळाला.

दुसरी वाट हाताची. वीज गेली तर दार उघडता यावं म्हणून प्रत्येक मोटरला हातानं सोडवायची सोय असते. शटरला साखळी किंवा हँडल, सरकत्या गेटला छोटी किल्ली. ही सोय काढून टाकायची नाही, आग लागली तर तीच जीव वाचवते. पण ती बाहेरून हात घालून सापडत असेल तर तुमचा रोलिंग कोड काय कामाचा? अनेक गेट-मोटरींची ही किल्ली तर एकाच साच्याची असते.

आणि बूम बॅरिअर? तो गाड्या अडवतो, माणसं नाही. बाजूनं चालत जाणाऱ्याला किंवा दुचाकीला त्याचं काही वाटत नाही. त्याला कुलूप समजणं ही सोसायटीची सगळ्यात मोठी चूक.

आता खरी मेख : काही तुटलंच नाही तर?

आधी फौजदारी कायदा बघू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये घरफोडीची व्याख्या आहे. त्यात भिंत फोडणंच नाही, तर कुलूप उघडून शिरणं, किंवा मालकाला अपेक्षित नसलेल्या मार्गानं वाट उघडून शिरणं हेही येतं. म्हणजे नकली रिमोटनं शटर उघडणारा माणूस 'मी काही फोडलंच नाही' म्हणून सहज सुटू शकत नाही. रात्री चोरीसाठी केलेल्या घरफोडीला कलम ३३१ नुसार १४ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

पण विम्याची भाषा वेगळी असते. घरफोडीच्या अनेक पॉलिसींमध्ये लिहिलेलं असतं की चोर बळाचा, हिंसेचा वापर करून आत शिरलेला असला पाहिजे. २००४ मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पॉलिसीत जी व्याख्या लिहिली आहे तीच लागू होईल. बळाचा वापर करून प्रवेश झाला नसेल तर अशा पॉलिसीखाली भरपाई मिळणार नाही. २०१६ मध्ये ओडिशाच्या एका वित्तीय महामंडळाच्या खटल्यातही न्यायालयानं हाच सूर कायम ठेवला.

म्हणजे बघा, पोलिसांच्या लेखी जी घरफोडी आहे, ती विमा कंपनीच्या लेखी घरफोडी नसू शकते. उचकटलेलं शटर निदान पुरावा तरी मागे ठेवतं. रिमोटनं उघडलेलं शटर परत रिमोटनं बंद होतं.

मग करायचं काय?

१. रिमोट ओळखा. मोटर बसवणाऱ्याला सरळ विचारा, "रोलिंग आहे की फिक्स?" 'लर्निंग' हे उत्तर ग्राह्य धरू नका. तुमच्या रिमोटची साध्या कॉपी रिमोटनं नक्कल होत असेल तर तो फिक्स आहे. अनेकदा अख्खी मोटर बदलावी लागत नाही, रिसीव्हर आणि रिमोट बदलून भागतं.

२. रिमोट मोजा. किती घेतले, कुणाकडे आहेत, हे लिहून ठेवा. एक जरी हरवला तरी रिसीव्हरची मेमरी पुसून उरलेले पुन्हा जोडून घ्या. भाडेकराराच्या यादीत रिमोट आणि काचेवरचा स्टिकर दोन्ही लिहा. भाडेकरू गेला की सोसायटीनं त्याचा स्टिकर आणि ॲपवरचं नाव त्याच दिवशी बंद करावं.

३. रात्री मोटरवर विसंबू नका. दुकान बंद केलं की आधी मोटरचा मेन स्विच बंद करा, मग शटरला कुलूप लावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. कुलूप लावलेलं असताना कुणी रिमोट दाबला तर मोटर जळू शकते. आत कुणी झोपत असेल तर बाहेरून कुलूप लावू नका, त्याला आतून उघडता येईल अशी कडी बसवा.

४. आतलं दार विसरू नका. रो-हाऊसमध्ये पार्किंगमधून घरात जाणारं दार बऱ्याचदा नुसतं लोटलेलं असतं. त्याला मुख्य दारासारखंच कुलूप हवं.

५. रिमोट गाडीत ठेवू नका. किल्लीच्या जुडग्यात ठेवा. हातानं सोडवायची किल्ली आणि साखळी बाहेरून पोचणार नाही अशी आहे का, हे एकदा बाहेर उभं राहून बघा.

६. ॲप असेल तर कंपनीनं दिलेला पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड बदला, अपडेट टाळू नका आणि दर महिन्याला एकदा यादीत कुणाची नावं आहेत ते तपासा.

७. पुरावा आधीच तयार ठेवा. कॅमेरा शटर आणि मोटर दोन्हीकडे बघणारा हवा आणि त्याचं घड्याळ बरोबर हवं. मोटरचं बिल, मालाची नोंद जपून ठेवा. संशय आला तर ११२ ला फोन करा आणि पोलीस येईपर्यंत शटर, रिमोट, रिसीव्हर कशालाच हात लावू नका.

८. पॉलिसी आजच उघडा. 'बळाचा वापर करून प्रवेश' अशी अट आहे का ते वाचा. असेल तर एजंटला लेखी विचारा, "काही न तोडता चोर आत आला तर भरपाई मिळेल का?" उत्तरही लेखीच घ्या. साधी चोरी वाढीव हप्त्यात जोडून मिळते का, हेही त्याच पत्रात विचारून टाका.

आधी दुकान बंद करून निघालेला माणूस कुलूप एकदा ओढून बघायचा. लागलंय याची खात्री झाली की मगच पायरी उतरायचा. रिमोट आला आणि ती सवय गेली. मोटर दार उघडायला आहे, राखायला नाही. तेव्हा आज रात्री शटर खाली आलं की निघायच्या आधी दोन मिनिटं थांबा. मेन स्विच बंद करा, कुलूप लावा आणि एकदा ओढून बघा.