टाकी आज, मासे महिन्याने

"पाणी तर आरशासारख्या आसा, मगे मासे मेले कित्याक?" घरात नवा फिशटँक आणलेल्या माणसाचा हा प्रश्न ठरलेला. मे महिन्याच्या सुट्टीत, नाहीतर वाढदिवसाला, मुलांच्या हट्टापायी कुडाळ किंवा कणकवलीहून काचेची टाकी येते. सोबत निळी-लाल खडी, हवेचा पंप आणि फुगवून गाठ मारलेल्या पिशवीत आठ-दहा मासे. संध्याकाळी टाकी भरते, दिवा लागतो, शेजारची पोरे बघायला जमतात. चौथ्या-पाचव्या दिवशी एक मासा वर येऊन धापा टाकू लागतो. मग घरातल्यांना सुचते तेच ते करतात. सगळे पाणी ओततात, खडी नळाखाली घासून धुतात, टाकी चकचकीत करून पुन्हा भरतात. उरलेले मासे आठवडाभरात जातात आणि टाकी माळ्यावर चढते.

या माशांना घाणीपेक्षा आपली घाई मारते, आणि त्या घाईत विकणाऱ्याचा वाटा मोठा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. टाकी आणि मासे एकाच दिवशी विकायला नकोत.

मासा श्वास घेतो त्याच कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते, त्यातूनही अमोनियाच तयार होतो. त्याला रंग नाही, आणि माशाला मारणाऱ्या प्रमाणातही आपल्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून पाणी आरशासारखे दिसते. "मग विहिरीतले मासे वर्षानुवर्षे कसे जगतात?" असे कोणी विचारील. दहा फूट व्यासाच्या विहिरीत सहा फूट पाणी धरले तरी ते तेरा हजार लिटरच्या वर जाते. दिवाणखान्यातली टाकी चाळीस लिटरची, आणि तिच्यात आठ मासे, तेही दिवसातून तीनदा खाऊ घातलेले. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हौदात डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी पाळतात, तिथे फिल्टर नसतो हे खरे. पण त्या हौदावर ऊन असते, भिंतींना शेवाळ असते, आणि सिमेंटमधला चुना पाण्यात उतरत असतो. शिवाय तिथे कोणी सारखे खाद्य टाकत बसत नाही.

टाकीत हे विष मोडण्याचे काम जिवाणू करतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. ही कामाची वाटणी रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिली. पुढे सव्वाशे वर्षे पुस्तकांत तेवढेच होते. २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे जिवाणू सापडले, आणि त्यातला एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून आलेला होता. मधला नायट्राइटही कमी घातक नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो, रक्त तपकिरी होते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. शेवटचा नायट्रेट बराच सौम्य असतो. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलले की तो आवाक्यात राहतो.

अडचण वेळेची आहे. विरजणातले जिवाणू एका रात्रीत दही लावतात, पण हे जिवाणू दुप्पट व्हायलाच दिवस किंवा त्याहून जास्त घेतात. शिवाय ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, खडी, काच अशा पृष्ठभागांना धरून राहतात. त्यामुळे मासे आजारी दिसले म्हणून सगळे घासून धुणारा माणूस त्यांचा एकमेव आधारच मोरीत सोडून देतो. नव्या टाकीत चार ते सहा आठवडे मासे न सोडता चिमूटभर खाद्य टाकून फिल्टर चालू ठेवायचा, हा खरा उपाय. कोणाकडे जुनी, नीट चाललेली टाकी असेल तर तिच्यातला स्पंजाचा तुकडा मागून आणावा. विरजण मागायला आपण लाजत नाही, इथेही लाजू नये. आपल्याकडची उष्ण हवा या जिवाणूंना मानवते, त्यामुळे हीटरच्या खर्चात सहसा पडायला नको.

इथपर्यंतचे कुठल्याही इंग्रजी पुस्तकात मिळते. सिंधुदुर्गात मात्र त्यापुढची एक गोष्ट आहे आणि ती पुस्तकी सल्ला उलटा पाडते. जांभ्यातून झिरपलेले आपल्या बहुतेक विहिरींचे पाणी हलके असते. साबणाला भरपूर फेस येतो, डाळ पटकन शिजते. अशा पाण्यात चुन्याचे क्षार थोडे, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद कमी. जिवाणूंच्या कामातून आम्ल तयार होत राहते आणि दोन-तीन महिन्यांत पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, घसरत सहाच्या खाली जातो. तिथे जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते आणि अमोनिया साचू लागतो. तरी मासे लगेच मरत नाहीत, कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया जवळपास सगळाच अमोनियमच्या, म्हणजे कमी विषारी, रूपात असतो. पाणी २८ अंश असेल तर सामू सहाला विषारी भाग हजारात एकापेक्षाही कमी, सातला शंभरात एकापेक्षा थोडा कमी आणि आठला शंभरात सहा-सात. आता एखाद्या रविवारी आपण हौसेने निम्मे पाणी काढून जास्त सामू असलेले नळाचे पाणी ओतले, की साचलेल्या अमोनियाचा विषारी भाग एकदम कितीतरी पटींनी वाढतो. "साफ केल्यावरच मासे मरतात" असे लोक म्हणतात. त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर असते.

यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. जेवणात तिसऱ्या झाल्या की शिंपले टाकून न देता उकळून, घासून, वाळवून ठेवावेत आणि मूठभर फिल्टरमध्ये घालावेत. पाणी आम्लधर्मी झाले की ते हळूहळू विरघळतात. सामू सातच्या वर गेला की विरघळणे आपोआप मंदावते, त्यामुळे जास्त झाल्याची भीती नाही. किनाऱ्यावरून पोवळ्याचे दगड मात्र उचलून आणू नयेत. वन्यजीव कायद्याने पोवळ्यांना संरक्षण आहे. खाडीलगतच्या घरांचा प्रश्न वेगळा. एप्रिल-मेमध्ये ज्यांची विहीर मचूळ होते, त्यांनी शिंपल्यांच्या भानगडीत पडण्याआधी पाणी तपासावे.

पावसाळ्यात आणखी दोन संकटे. विहिरीत टीसीएल पावडर पडते. माणसांच्या आरोग्यासाठी ती हवीच, पण त्यातला क्लोरिन माशांचे कल्ले जाळतो आणि जिवाणूही मारतो. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे किंवा दुकानात हायपो म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट वापरावे. दुसरे संकट विजेचे. लाइट सहा-सात तास गेली की बंद फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूविना गुदमरतात. अशा वेळी खाद्य बंद ठेवावे, आणि लाइट आल्यावर स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळून मगच फिल्टर सुरू करावा.

हे सगळे एका हौशी घरापुरते असते तर मी इतके लिहिले नसते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसदारी शोभिवंत मासे पाळण्यासाठी अनुदान आहे. कांदळवन संरक्षणाच्या योजनेतूनही खाडीकाठच्या गटांना या व्यवसायासाठी मदत मिळते. घरातला एक मासा मेला तर पोर रडते. बचतगटाच्या रांगेतल्या टाक्यांचा सामू कोसळला तर अख्ख्या हंगामाची कमाई जाते. अशा गटांना टाक्या आणि मत्स्यबीज देताना अमोनिया, नायट्राइट आणि सामू मोजण्याचा संच त्याच यादीत असायला हवा, आणि तो वापरायला कोणीतरी शेजारी बसून शिकवायला हवे. दुकानदारांनीही हा संच काउंटरवर ठेवावा. गिऱ्हाईक बाटलीत पाणी घेऊन आले तर तपासून द्यावे. पहिल्याच आठवड्यात मासे मेलेले गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही, हा हिशेब त्यांना कळायला हरकत नाही.

मासे नसलेल्या टाकीपुढे पोरांना महिनाभर कसे थोपवायचे, हा प्रश्न राहतो. मोजण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे. दर रविवारी आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचे. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरताना नायट्राइट चढेल. चिमूटभर खाद्य चालू असूनही दोन्ही आकडे आठवडाभर शून्यावर राहिले, की दुकानात जावे आणि पहिल्या खेपेला तीनच मासे आणावेत.