तांब्याच्या तारेचा हिशेब

घरातील दूरध्वनीची तार आता अनेक घरांतून अस्तंगत झाली आहे. ज्या तारेसाठी एके काळी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, तीच आज भिंतीवरून सोडवून भंगाराच्या दुकानी पोचविली जात आहे. तिच्या जागी काचेचा बारीक तंतू येत आहे, आणि जेथे तो येत नाही तेथे मोबाइलच्या लहरींवर भागविले जात आहे. तंत्र बदलले की जुने साधन जावयाचेच. त्याबद्दल उसासे टाकण्याचे कारण नाही. परंतु एखादे साधन निवृत्त होत असताना त्याने काय दिले, आणि त्याच्याकडून जे घेता आले असते ते का घेतले गेले नाही, याचा हिशेब मांडणे अगत्याचे असते. तांब्याच्या तारेच्या बाबतीत तर ते विशेषच अगत्याचे आहे. कारण तिच्या बाबतीत जे प्रश्न आपण टाळले, तेच नव्या तंतूच्या निमित्ताने पुन्हा आपल्यापुढे उभे राहिले आहेत.

एका तारेत दोन वाटा

ही तार नेमके काय करीत होती, ते प्रथम समजून घेतले पाहिजे. दूरध्वनी केंद्रापासून प्रत्येक ग्राहकाच्या घरापर्यंत एकमेकींना पीळ घातलेल्या दोन बारीक तांब्याच्या तारांची जोडी येते. माणसाचे बोलणे समजण्याइतपत स्पष्ट पोचविण्यास सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच कंपनांचा पट्टा पुरतो. म्हणून दूरध्वनीची सारी यंत्रणा चार किलोहर्ट्झच्या मर्यादेत आखली गेली. वस्तुतः तीच जोडी थोड्या अंतरापर्यंत ११०० किलोहर्ट्झपर्यंतची कंपने वाहून नेऊ शकते. याचा अर्थ असा की, पिढ्यानुपिढ्या तारेच्या अंगच्या सामर्थ्याचा अर्धा टक्काही आपण वापरीत नव्हतो. अर्थशास्त्राच्या वर्गात ‘पडून राहिलेल्या क्षमते’चे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट जनतेला खुले केले, तेव्हाही या पडीक क्षमतेला हात लागला नव्हता. त्या काळचा मोडेम संगणकाच्या आकड्यांचे आवाजात रूपांतर करी आणि ते आवाज बोलण्याच्याच अरुंद वाटेने पाठवी. पुढे तंत्र सुधारले तरी वेग सेकंदाला ५६ किलोबिटच्या वर गेला नाही. शिवाय तेवढा वेळ फोन अडकलेला आणि मीटर चालू, ही शिक्षा वेगळीच.

डीएसएल या तंत्राने बोलण्याला त्याच्या जागी ठेवून वरचा मोकळा पट्टा आकड्यांसाठी वापरला. अमेरिकेतील बेलकोर या संशोधन संस्थेतील जोसेफ लेक्लायडर यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस या कल्पनेला दिशा दिली, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन चिऑफी यांच्या संशोधनाने ती व्यवहार्य झाली. घरोघरी जी पद्धत पोचली तिचे नाव एडीएसएल. तिच्यात सुमारे ११०० किलोहर्ट्झच्या पट्ट्याचे प्रत्येकी सव्वाचार किलोहर्ट्झहून किंचित मोठे असे २५६ भाग पाडलेले असतात. आकाशवाणीच्या निरनिराळ्या केंद्रांचे कार्यक्रम एकाच हवेतून वेगवेगळ्या लहरींवर येतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत; तसेच हे भाग एकाच तारेतून शेजारी शेजारी चालतात. जोडणी सुरू होताच घरातील मोडेम प्रत्येक भाग तपासतो, कोठे गोंगाट कमी आहे ते पाहतो आणि त्या मानाने कोणावर किती भार टाकावयाचा ते ठरवितो. चांगल्या स्थितीतील एकच भाग सेकंदाला ६० किलोबिटपर्यंत वाहू शकतो. म्हणजे जुन्या मोडेमचा संपूर्ण वेग येथे एका भागात मावतो.

भिंतीजवळ बसविलेली स्प्लिटर नावाची छोटी डबी खालची कंपने फोनकडे व वरची मोडेमकडे वळविते. दुसऱ्या टोकाला, दूरध्वनी केंद्रातही, अशीच वाटणी होते. आवाज नेहमीच्या स्विचकडे जातो, तर आकडे डीस्लॅम या यंत्राकडे जातात. तेथे शेकडो घरांचा प्रवाह एकत्र होऊन पुढे मोठ्या वाहिनीत सोडला जातो. म्हणूनच बोलणे आणि इंटरनेट दोन्ही एकाच वेळी चालत. त्यासाठी रस्ते नव्याने खणावे लागले नाहीत, की नवी तार ओढावी लागली नाही. हेच या तंत्राचे खरे आर्थिक मोल होते.

अंतराचा कर

या सोयीला मर्यादाही होत्या. कंपने जितकी जलद तितकी ती तारेत लवकर विरतात. केंद्राच्या अगदी जवळच्या घराला सुधारित एडीएसएलवर सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत वेग मिळू शकतो. चार-पाच किलोमीटरवरच्या घराला एक-दोन मेगाबिटही मिळण्याची मारामार. शहराच्या मध्यवस्तीत राहणारा आणि गावाच्या शिवेवर राहणारा असे दोघे सारखेच भाडे भरीत; पदरात पडणारे मात्र सारखे नसे. हा एक प्रकारे अंतराचा करच होय.

दुसरी मर्यादा तारेच्या प्रकृतीची. बोलण्यासाठी टाकलेली तार थोडी गंजली, एखादा जोड सैल झाला, पावसाळ्यात केबलमध्ये ओल शिरली, तरी खरखरीसह बोलणे चालते. आकड्यांना ते खपत नाही. त्यामुळे जी तार फोनसाठी ‘चालू’ समजली जाई, ती ब्रॉडबँडसाठी आजारी निघे. ती बरी करणारा माणूस म्हणजे खांबावर चढणारा आणि केबलचे जोड ओळखणारा लाइनमन. नव्या तंत्राचे यश अखेरीस या जुन्या कारागिराच्या हातात होते, ही गोष्ट धोरण आखणाऱ्यांनी फारशी मनावर घेतल्याचे दिसत नाही.

तिसरी गोष्ट नावातच आहे. ‘एडीएसएल’मधला पहिला ‘ए’ विषमतेचा आहे. घराकडे येणारी वाट रुंद आणि घरातून जाणारी अरुंद, अशी ही रचना. तिला तांत्रिक कारण आहे. केंद्रात असंख्य तारा एका मोळीत असतात. दुरून क्षीण होऊन आलेले संदेश तेथे शेजारच्या तारांच्या गोंगाटात बुडतात. शिवाय ग्राहक घेईल अधिक आणि पाठवील कमी, असा हिशेब होता. तो त्या वेळी बरोबरही होता. पण नागरिक हा मुख्यतः उपभोक्ता, उत्पादक नव्हे, हे गृहीतक तारेत असे कायमचे कोरले गेले.

धोरण आणि फलित

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगास ब्रॉडबँड म्हणावे असे ठरले, आणि २०१० पर्यंत दोन कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्या सुमारास देशात सुमारे चार कोटी स्थिर दूरध्वनी होते. त्यांतील बहुसंख्य भारत संचार निगमाचे, तर मुंबई व दिल्लीत महानगर टेलिफोन निगमाचे. २००५ च्या आरंभी या सार्वजनिक कंपन्यांची डीएसएल सेवा सुरू झाली. आरंभीच्या स्वस्त योजनेत महिन्याला ४०० मेगाबाइटची मर्यादा होती. २५६ किलोबिटच्या वेगाने हा सारा साठा साडेतीन तासांत संपतो, हे गणित ज्याचे त्याने करून पाहावे. पुढे काही योजनांत मध्यरात्री २ ते सकाळी ८ या वेळेत अमर्याद वापराची मुभा मिळाली. वाहिनी ओस पडलेली असते त्या वेळी ती वापरू देण्याचा जादा खर्च जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही सवलत निर्दोष होती. ती घेण्यासाठी विद्यार्थ्यांना झोप मोडावी लागे, एवढाच तिचा दोष!

२०१० साल उजाडले आणि सरले. दोन कोटींच्या जागी जोडण्या भरल्या त्या सुमारे एक कोटी दहा लाख. त्यांतील बहुतांश डीएसएलच्याच होत्या. तार जमिनीत होती, तंत्र सिद्ध होते, मागणीही होती. मग घोडे अडले कोठे?

तार कोणाची?

याचे एक उत्तर मक्तेदारीत आहे. घरापर्यंतची तार ही नैसर्गिक मक्तेदारी होय. प्रत्येक कंपनीने प्रत्येक घरापर्यंत स्वतःची तार ओढणे म्हणजे राष्ट्रीय संपत्तीचा अपव्यय. अशा वेळी तार एकाच मालकाची ठेवून तिच्यावरून सेवा देण्याची मुभा योग्य भाड्यावर इतरांनाही द्यावी, असा मार्ग अनेक देशांनी पत्करला. अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने तो घेतला, पुढे मात्र २००३ नंतर बराचसा मागे घेतला. ब्रिटनमध्ये २००६ साली ब्रिटिश टेलिकॉमच्या तारांचा कारभार ओपनरीच या स्वतंत्र विभागाकडे सोपवून सर्व सेवादात्यांस समान वागणूक देण्याचे बंधन आले. जपानमध्ये तारा खुल्या झाल्यावर २००१ मध्ये एका नव्या कंपनीने आठ मेगाबिटची सेवा अत्यंत कमी दरात आणली. इतरांना दर उतरवावे लागले, आणि २००३ च्या अखेरीस तेथे डीएसएलचे ग्राहक एक कोटीवर गेले. आपल्याहून किती तरी लहान देशाने जे दोन-तीन वर्षांत साधले, ते आपल्याला सहा वर्षांत जेमतेम साधले.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २००४ मध्ये नेमकी हीच शिफारस केली होती. सरकारच्या धोरणाने ती सक्तीच्या स्वरूपात स्वीकारली नाही. कंपन्यांनी आपसांत करार करून काय ते ठरवावे, एवढ्यावर भागविले. ज्याच्या हाती मक्तेदारी आहे तो स्वखुशीने प्रतिस्पर्ध्याला वाटेकरी कशासाठी करून घेईल?

तथापि दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. खेड्यापाड्यांत तोट्यात तार नेण्याचे ओझे सार्वजनिक कंपनीनेच वाहिले होते. खासगी सेवादाते शहरातील मलईदार तारा तेवढ्या उचलतील आणि खेड्यांचा तोटा सरकारच्या माथी राहील, ही भीती निराधार नव्हती. जपानची दाट वस्ती आणि आखूड तारा आपल्याकडे नव्हत्या, हेही खरे. परंतु या आक्षेपांना तारेचे रास्त भाडे आणि ग्रामीण सेवेसाठी स्वतंत्र निधी, हे उत्तर उपलब्ध होते. आपण निवडला तो तिसराच मार्ग: तार वाटूनही द्यावयाची नाही आणि तिची निगाही राखावयाची नाही. स्पर्धेचा लाभ नाही आणि सार्वजनिक सेवेचाही नाही, अशा दुहेरी हानीला मग कोण जबाबदार?

पुढचा इतिहास ताजा आहे. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट कमालीचे स्वस्त झाले. स्थिर दूरध्वनींची संख्या २०२० पर्यंत दोन कोटींच्या आसपास उतरली. त्याच वर्षाच्या जानेवारीअखेर भारत संचार निगमाच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. वेतनाचा बोजा हलका झाला हे मान्य. पण कोणत्या गल्लीत कोणता जोड कोठे आहे हे ज्यांना तोंडपाठ होते, त्यांचे ज्ञानही त्यांच्याबरोबर गेले. ताळेबंदात या हानीसाठी रकाना नसतो.

आणि दोनच महिन्यांनी शाळा-महाविद्यालये बंद झाली. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील जेमतेम २४ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात हे प्रमाण १५ टक्के होते. शिक्षकाला घरातून पाठ ‘पाठवावा’ लागला तेव्हा घरातून जाणाऱ्या अरुंद वाटेचा अर्थ उमगला. एका मोबाइलवर दोन भावंडांचे वर्ग भरले, तेव्हा कुटुंबाला मिळून एक जोडणी आणि माणशी एक फोन यांतील भेदही कळला. मोबाइलने फार मोठी सोय केली हे निर्विवाद आहे. परंतु घरातील स्थिर जोडणीची जागा तो पूर्णपणे घेऊ शकत नाही.

नवा तंतू, जुना प्रश्न

काचेच्या तंतूला अंतराचा कर जवळजवळ नाही, ओलीचे भय नाही आणि येणे-जाणे समान ठेवण्यास अडचण नाही. ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. पैसा आहे, तंत्र आहे. पण ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा कोणाचा, त्याची निगा कोण राखणार आणि त्यावर इतरांना कोणत्या भाड्याने प्रवेश मिळणार, हे प्रश्न पूर्वीचेच आहेत. शहरांत तर एकाच खांबावर चार कंपन्यांच्या केबलींची जाळी लोंबताना दिसतात आणि एकच रस्ता पुनःपुन्हा खणला जातो. मक्तेदारीच्या जागी उधळपट्टी आली, एवढाच फरक.

तेव्हा तीन गोष्टींचा आग्रह धरणे आवश्यक आहे. पहिली, नळ्या आणि खांब ही सामायिक मालमत्ता मानावी. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात सामायिक नलिकांची तरतूद आहे. तिचा अंमल रस्त्यावर दिसला पाहिजे. दुसरी, ब्रॉडबँडची व्याख्या २००४ मध्ये २५६ किलोबिट होती, २०१३ मध्ये ५१२ झाली आणि २०२३ मध्ये दोन मेगाबिट झाली. परंतु ती घरी येणाऱ्या वेगाचीच राहिली. घरातून जाणाऱ्या वेगालाही तिच्यात किमान मर्यादा हवी. तिसरी, सरकारी खर्चाने टाकलेल्या प्रत्येक तंतूबरोबर त्याच्या देखभालीचा खर्च व माणूस दोन्ही मंजूर व्हावेत. उद्घाटनासाठी निधी असतो आणि दुरुस्तीसाठी नसतो, हा आपला जुनाच रोग आहे.

तार तांब्याची असो वा काचेची, ती जनतेच्या पैशाने आणि जनतेच्या रस्त्याखालून जाते. तिच्यातून काय व किती वाहते हे तंत्रज्ञ ठरवितात. ते कोणाच्या दारापर्यंत पोचते हे मात्र धोरण ठरविते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने उत्तम रीतीने दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर देण्याची जबाबदारी राज्यकर्त्यांची आहे, आणि ते मागण्याची आपली.